न्यू जर्सीत लॉनमध्ये लावलेले क्रोकसचे कंद पहिल्या वर्षी छान फुलले, यंदा नुसती पानं आली. कोणतं खत घालू?

खताचं नंतर बघू, आधी सांगा तुमच्याकडे लॉन कोण कापतं आणि मशीन कधी बाहेर काढतं?

आम्हीही जर्सीतलेच, आणि आमच्याकडे हा विषय निघाला की जेवणं गार होतात. एप्रिल आला, शेजाऱ्यांची मशीनं घरघरायला लागली की आमच्या ह्यांना राहवत नाही, गवत केवढं वाढलंय, लोक काय म्हणतील. तोवर क्रोकसची फुलं गेलेली असतात, उरते ती बारीक पात, मधोमध पांढरी रेघ असलेली, ह्यांच्या लेखी तेही गवतच. मी सांगून थकले की पानं पिवळी होऊन आपोआप लोळेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावू नका, तर म्हणे फुलं झाली ना बघून, आता पानांचं काय लोणचं घालायचंय? केलं सपाट. पुढच्या मार्चला तुमच्यासारखंच, फूल नाहीच. मग मी खुरप्याने एक कंद उकरला आणि नेऊन ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. लावला तेव्हा सुपारीएवढा होता, निघाला हरभऱ्याएवढा. क्रोकसचा जुना कंद दरवर्षी वाळतो आणि त्याच्या डोक्यावर नवा धरतो, त्याला पोसणार ही पानंच ना! तरी ह्यांचं आपलं एकच, खारींनी खाल्ले असतील. अहो, खार कंद पळवते, बारीक करून परत पुरून ठेवत नाही!

तर फुलं गेल्यावर निदान सहा आठवडे मशीन लांब. घरचं माणूस ऐकणारं नसेल तर ऑक्टोबरात टॉमासिनिआनस जातीचे लावा, ते मोठ्या डच क्रोकसच्या आधी फुलतात म्हणून पानंही लवकर आटपतात, शिवाय खारी त्यांच्या फारशा वाटेला जात नाहीत. डॅफोडिल लॉनमध्ये नकोच, त्यांची पानं फार रेंगाळतात, कडेच्या वाफ्यात लावा, विषारी असतात म्हणून हरणं तोंड लावत नाहीत. ट्युलिपच्या नादी तर लागूच नका.

खत म्हणाल तर बल्बचं, म्हणजे फुलांच्या कंदांचं, कुठलंही चालेल, फक्त नायट्रोजन कमी असलेलं. लॉनचं खत तिथे टाकू नका, नुसती पानंच माजतात. बोनमील, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचं खत, त्याच्या वासाने कुत्री येऊन उकरतात.

आणि हो, जागा दाट सावलीची असेल किंवा पाणी साचत असेल तरी फुलं येत नाहीत, तेही बघा, उगाच खारींवर ढकलू नका.