सूर्यावरील डाग आणि शांत काळ : वाचकांची प्रश्नोत्तरे

‘सूर्य थंड पडत चालला आहे काय?’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो, म्हणून काही पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

सूर्यावर एखादे दिवशी डाग नसला, म्हणजे शांत काळ लागला काय? (दारव्हा)

नाही; शांत काळ म्हणजे डाग सर्वांत कमी असण्याचा काळ, आणि डागांच्या संख्येची तेरा महिन्यांची सरासरी पाहिल्यावाचून तो ठरत नाही.

काही शांत काळ फार लांबतात, ते का? (मेहकर)

डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांत वाढून पुन्हा घटते, ते एक चक्र; लांबण्याचे कारण बरेचसे आधीच्या चक्रातील डागांत असते. चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून सुमारे ३० अंशांवर उगवतात आणि पुढे ती जागा विषुववृत्ताकडे सरकत जाते. डागांच्या जोड्या किंचित तिरक्या असतात. त्या विरल्यावर जोडीतील मागच्या डागांचे चुंबकत्व संथ प्रवाहाबरोबर ध्रुवांकडे वाहते, तेथील जुने चुंबकीय क्षेत्र पुसते आणि उलट दिशेचे नवे उभे करते. हे क्षेत्र दुबळे राहिले, तर शांत काळ बहुधा लांबतो आणि पुढचे चक्र मवाळ निघते. २००८ साली अडीचशेहून अधिक दिवस सूर्य डागांविना होता आणि त्यानंतरचे, २०१४ मध्ये शिगेला पोहोचलेले चक्र शंभर वर्षांतील सर्वांत दुबळे ठरले.

विक्रेता म्हणतो, सूर्य शांत होणार, पाऊस आटणार. पऱ्हाटीचे महागडे वाण घ्यावे काय? (आर्वी)

पेरणीच्या तोंडावर ही थाप दरवर्षी नव्या वेष्टनात येते. १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नाहीसे झाले होते, हे खरे. पण नेहमीच्या अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याची ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने कमीजास्त होते, आणि तेवढ्यावरून आर्वी तालुक्याचा पाऊस सांगणारा माणूस माल खपवत असतो, विज्ञान सांगत नसतो. पुढचा शांत काळही २०३० च्या आसपास अपेक्षित आहे, या खरिपात नव्हे. वाणाची निवड जमिनीचा पोत पाहून कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने करावी, पावसासाठी हवामान विभागाचा अंदाज पाहावा, आणि पिशवीवरील लॉट क्रमांक उतरलेले पक्के बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

एक्स-रेच्या फिल्ममधून डाग पाहिले. दहा दिवसांपासून वाचताना मधली अक्षरे पुसट दिसतात. (तिवसा)

दुखत नाही म्हणून थांबलात, हेच चुकले. दृष्टिपटल भाजले तरी दुखत नाही. कोणतेही थेंब घालू नका, आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा.