पूरग्रस्त भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आपत्कालीन तयारीचे निकष कसे सुधारता येतील?

कोल्हापूर जिल्हा धरून उत्तर देतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात तिथल्या अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला होता.

पावसाळ्याआधीच्या तपासणीत 'साठा उपलब्ध : होय/नाही' असा रकाना असतो. माझ्या मते पहिला बदल तिथेच हवा, कारण कपाटात असलेली वस्तू वेळेला कामी येईलच असं नाही.

टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडरच घ्या. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण 33 टक्के असतं. ओल लागली किंवा गोणी उघडी राहिली की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. स्वच्छ पाणी असेल तर 1000 लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम पुरते, पण पुराचं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा. पावडर बादलीत कालवून फक्त वरची निवळी पाण्यात ओतायची आणि तासाभराने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात उरलेलं क्लोरीन बघायची चाचणी) करायची. क्लोरीन किमान 0.5 पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, यायला हवं. पिवळा रंग 10 सेकंदांच्या आत बघा. उशीर केला तर संयुक्त क्लोरीनही (पाण्यातल्या अशुद्धीशी जोडलं गेलेलं, कमी प्रभावी क्लोरीन) मोजलं जातं आणि पाणी सुरक्षित असल्याचा भास होतो. रकान्यात 'होय' नको, क्लोरीनची टक्केवारी आणि तपासणीची तारीख हवी.

औषधांचा साठा 'किती रुग्णांना पुरेल' असा लिहावा. पुरात सर्पदंश वाढतात. विषबाधेची लक्षणं असलेल्या रुग्णाला प्रतिसर्पविषाच्या पहिल्याच डोसला साधारण 10 कुप्या लागतात, म्हणजे पाच कुप्या असलेलं केंद्र एका रुग्णालाही पुरं पडत नाही. वीज जाणार हे धरून भुकटी स्वरूपातल्या कुप्या मागवा, त्यांना फ्रिज लागत नाही. त्या औषधाची तीव्र अॅलर्जी आली तर द्यायला सोबत अॅड्रेनालिन हवंच. काही सापांच्या विषाने रक्त गोठत नाही; ते गोठतं का हे 20 मिनिटांच्या चाचणीत बघायला कोरडी, स्वच्छ काचेची नळी हवी. प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. तसंच सलाइनचं: तीव्र जलशुष्कता झालेल्या 60 किलोच्या माणसाला तीन तासांत 6 लिटर रिंगर लॅक्टेट लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 12 बाटल्या.

दुसरा बदल वेळेचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. काही गावांचे रस्ते त्याआधीच पाण्याखाली जातात, त्यामुळे आपला रस्ता किती फुटांना बंद होतो हे प्रत्येक केंद्राने लिहून ठेवावं आणि कामं त्याच्या दोन-तीन फूट आधी सुरू करावीत. नववा महिना लागलेल्या गरोदर बायका आणि डायलिसिसचे रुग्ण हलवायचे. क्षयरोग, एचआयव्ही आणि इन्सुलिनवरच्या रुग्णांना महिन्याची औषधं हातात द्यायची. लस उंचावरच्या केंद्रात न्यायची. या घाईत डीप फ्रीजरमधले आइसपॅक थेट लशीला लावले जातात आणि पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी गोठून निकामी होतात. हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत आइसपॅक बाहेर ठेवावेत.

पाणी ओसरताना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक डॉक्सिसायक्लीन वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने द्यावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं.

आणि मे महिन्यात एकदा रात्री मेन स्विच बंद करून रंगीत तालीम घ्या. जनरेटर किती मिनिटांत सुरू झाला, डिझेल किती तासांचं निघालं आणि औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे होती, हे त्याच रात्री नोंदवा.