वाचक विचारतात : लोगो आधी कागदावर, मग संगणकावर

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. आजवर माल व्यापाऱ्यांच्या नावानं जायचा, आता आम्ही स्वतःच्या नावानं विकणार आहोत. नाव ‘ल’पासून सुरू होतं. मित्रानं एका संध्याकाळी संगणकावर ढीगभर लोगो करून दिले. सगळे चकचकीत आहेत, पण एकही आपला वाटत नाही. सुरुवात कुठून करू, ताई?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : मित्रानं दिलेले लोगो तूर्त बाजूला ठेवा. मोबाईलच्या पडद्यावर काहीही छान दिसतं. तुमचा लोगो मात्र विणलेल्या लेबलावर, खोक्यावरच्या शिक्क्यात, बिलाच्या कोपऱ्यात आणि कदाचित टॉवेलच्या काठातही बसायचा आहे. यात सगळ्यांत अवघड जागा लेबलाची. तिथे जो टिकेल तो बाकी सगळीकडे टिकेल, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

मी या कामात आले ती चादरीच्या ग्राफवरून. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणतानाच उमटणाऱ्या नक्षीसाठी चौकटींचा कागद रंगवावा लागतो. त्यातला एकेक चौकोन एवढंच सांगतो, की इथे उभा धागा वर की आडवा. मोराची मान कितीही डौलदार काढा, कापडावर ती पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. कुठली पायरी लांब आणि कुठली आखूड ठेवायची हे ज्याला कळलं, त्याचीच मान गोल दिसते. शिवाय इंचात उभे धागे जास्त आणि आडवे कमी असतील, तर चौरस चौकटींवर काढलेलं वर्तुळ कापडावर उभट होतं. त्यासाठी धाग्यांच्या प्रमाणातला कागद घ्यावा लागतो. लेबल विणणाऱ्याकडे जाल तेव्हा हे आधी विचारा. आणि देवनागरी अक्षर, वेलांटी-मात्रा धरून, तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. मी तरी त्याखाली जात नाही, कारण त्या आकारात अक्षरांच्या पोकळ्या धाग्यानं भरून जातात.

आता पेन्सिल घ्या, टूबी असली तर उत्तम, आणि साधे कागद. पानभर ‘ल’ काढा, एकेक अंगठ्याच्या नखाएवढा. सुरुवातीला कमळ येईल, धाग्याची रीळ येईल, चाक येईल. येऊ द्या. आपण कुठेतरी पाहिलेलं सगळं हातातून उतरल्याशिवाय पुढचं सुचत नाही. खोडरबर मात्र वापरू नका, फसलेल्या रेघेतूनच कधी कधी वाट निघते.

मित्राच्या लोगोंमध्ये ‘ल’ कसा आहे तेही पाहा. उजवीकडे उभा दंड असलेला असेल, तर तो हिंदी वळणाचा आहे, बरेच फॉन्ट तोच देतात. आपला मराठी ‘ल’ पाकळ्यांचा. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही तोच धरला आहे. आणि तुमचं नशीब असं, की टेरी टॉवेलच्या अंगावर जे मऊ लूप असतात त्यांचं वळण या पाकळ्यांना फार जवळचं आहे. एका अखंड रेघेनं, धागा वळावा तसा ‘ल’ काढून बघा. हे मी उत्तर म्हणून देत नाही. तुमच्या हाताला याहून चांगलं काही सापडेल. पण असलं नातं काढता काढता दिसतं, तयार फॉन्टच्या यादीत ते सापडत नाही.

पानातून दोन-तीन निवडा. ट्रेसिंग पेपर ठेवून पुन्हा पुन्हा गिरवा, प्रत्येक वेळी एखादी रेघ कमी करत. मग काळ्या मार्करनं भरा. रंग इतक्यात नाही! स्टेट बँकेचं चिन्ह आठवा : अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शेखर कामत यांनी केलेलं, १९७१ सालचं. एक वर्तुळ, आत छोटी गोल पोकळी, खाली उतरणारी फट. रबरी शिक्क्यातही ते ओळखू येतं. तुमचं रेखाटनही झेरॉक्सवर लहान लहान करत न्या आणि कुठल्या आकाराला ते बुजतं ते पाहा.

नंतर ते कारखान्यात दाखवा. तुमच्याकडे घरी तेलुगू बोलणारे, देवनागरी फारशी न वाचणारे कामगार असतीलच. क्षणभर दाखवा, कागद उलटा करा आणि बोटानं टेबलावर काढून दाखवायला सांगा. जे त्यांच्या बोटातून परत आलं, ते चिन्ह. माझा या परीक्षेवर फार विश्वास आहे.

संगणक यानंतर. रेखाटन ३०० डीपीआयला स्कॅन करा, कोरल ड्रॉमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये खालच्या लेयरवर लॉक करा आणि वरून पेन टूलनं हातानं गिरवा. ऑटो ट्रेस, म्हणजे संगणकानं आपोआप गिरवणं, नको. तो पेन्सिलच्या प्रत्येक थरथरीवर एक नोड, म्हणजे रेघेला वळवणारा बिंदू, टाकतो. नोड कमीत कमी ठेवा, वळणाच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला. मग मापापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. सारख्याच जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते, म्हणून शिरोरेघ किंचित बारीक करा. गोल आकार चौकोनाइतकाच उंच ठेवला तर लहान दिसतो, त्याला थोडा बाहेर येऊ द्या.

प्रश्न : लोगोतला हिरवा मोबाईलवर झळकतो, छापून आला की मळका दिसतो. छापखान्याची चूक का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. पडदा प्रकाश मिसळतो, छापखाना चार शाया मिसळतो. पडद्यावरचे काही हिरवे आणि केशरी त्या शायांतून निघतच नाहीत. कापडाचा धंदा असेल तर क्रम उलटा करा : आधी धाग्याच्या शेड कार्डातून रंग निवडा, त्याच्या जवळची शाई छापखान्यात बसून ठरवा आणि पडद्यावरचा रंग सगळ्यांत शेवटी.

प्रश्न : डिझायनरला पैसे दिले, त्यानं व्हॉट्सॲपवर जेपीजी पाठवला. लोगो आता आमचाच ना?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तसं धरून चालू नका. हक्क तुमच्याकडे आल्याचं लेखी आणि सहीनिशी घ्या. जेपीजी मोठा केला की फुटतो, म्हणून मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी), पीडीएफ, एसव्हीजी आणि एकरंगी प्रतही मागा. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदललेली हवीत, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलून बसतो. ट्रेडमार्कसाठी टॉवेल-चादरी २४व्या वर्गात येतात. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं चिन्ह लेबलावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते. ट्रेडमार्कचा अर्ज लोगो पूर्ण पक्का झाल्यावरच भरा. नोंदलेल्या चिन्हाची ओळखच बदलेल असा फेरफार मागाहून चालत नाही, त्याला नवा अर्ज करावा लागतो.