गावातल्या लहान ओढ्यांची नावं आणि प्रवाह नोंदवायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

शेळ्या राखणाऱ्यांना आधी विचारा, सरपंचाला सगळ्यात शेवटी. पण मी लिहायला बसलो ते आमच्या भावकीमुळं.

आमचं रान मोहोळ तालुक्यात. कडेनं ओढा जातो तो भोगावतीला, ती पुढं सीनेला. वरच्या वस्तीवर त्याला म्हसोबाचा ओढा म्हणतात, आमच्याकडं बाभळओढा. खोलीकरणाच्या फलकावर नुसताच 'नाला'. चुलत्यांनी त्याचं एक वळण बुजवून ऊस केला आणि पाणी आमच्या बांधाकडं लोटलं. विचारलं की एकच उत्तर, "हितनं वढा कवा गेलाय? वगळ हुती, पावसाची." ऑक्टोबर 2020 च्या पावसात पाणी आलं ते थेट उसातनं. ऊस आडवा झाला, माती वाहून गेली आणि खाली वाळू न् हातभर थरात गोल, गुळगुळीत गोटे उघडे पडले. वगळीत, म्हणजे नुसत्या पावसानं पडलेल्या घळीत, असले गोटे सापडतात होय? तरी चुलते म्हणाले, "ढगफुटी."

मग भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढली. वळण दोन गटांच्या मधनं स्वच्छ दाखवलंय. तुम्हीही प्रवाहासाठी तीच काढा. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशेही बघा, पण कोरडे ओढे त्यावर काळ्या रेघेनं असतात, निळी शोधत बसू नका. लहान ओढ्यांची नावं तिथं बहुधा मिळत नाहीत, ती माणसांकडूनच घ्यायची. दोन वस्त्यांची दोन नावं आली तर दोन्ही लिहा, कुठपासून कुठपर्यंत कोणतं तेही. एकच 'खरं' नाव ठरवायला ग्रामसभा घेणाऱ्यांना कामं नसतात. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या इंटरनेटवरच्या नकाशावर, टाकणार असाल तर रेघ उगमाकडून खाली ओढायची. प्रत्यक्ष चालायला दसऱ्यानंतरचे दिवस बरे, बाभळीच्या बुंध्यांवर गाळाची रेघ ताजी असते.

आणि जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 20 वाचून ठेवा. दुसऱ्या कुणाची मालकी नसेल तर ओढ्याचं पात्र सरकारचं. हां, सातबाऱ्यावर पोटखराब्यात, म्हणजे गटातल्या लागवडीला न येणाऱ्या भागात, धरलेलं असेल तर प्रकरण वेगळं, तिथं वकील गाठा. ओढे आपणहूनही पात्र बदलतात, त्यामुळं नुसत्या नकाशावर भांडू नका.

आमचा ओढा आपणहून सरकलेला नाही. चुलत्यांपर्यंत हे पोचलंच तर, नक्कल कपाटात आहे, कधीही येऊन बघा.