डिस्टोपियाला मराठीत काय म्हणायचं? दुःस्वप्न तर नको

प्रश्न असा आलाय: डिस्टोपियन फिक्शनवर, म्हणजे माणसाला चिरडणाऱ्या कल्पित समाजाच्या गोष्टींवर, मराठीत लेख लिहायचाय, त्याला 'दुःस्वप्नकथा' म्हटलं तर चालेल का? आणि त्यात सारखं येणारं 'टोटॅलिटेरियन' म्हणजे साधी हुकूमशाहीच ना, मग वेगळा शब्द कशाला?

दुःस्वप्न मला पटत नाही. दुःस्वप्नातून माणूस दचकून जागा होतो, घाम पुसतो, पाणी पितो आणि परत झोपतो. आणि स्वप्नात कशाचा कशाला मेळ नसतो, आपण जिना चढत असतो आणि वर एकदम समुद्र लागतो. डिस्टोपियात नेमकं उलटं असतं, तिथे सगळं वेळच्या वेळी, सगळ्याला नियम, प्रत्येकाला नंबर, रस्ते चकाचक. झाम्यातिन नावाच्या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास 'वी' म्हणजे 'आम्ही' नावाची कादंबरी लिहिली, त्यात माणसांना नावंच नाहीत, नायक डी-५०३, आणि घरांच्या भिंती काचेच्या. गोंधळ कुठे आहे यात? म्हणूनच आपली 'अंधेर नगरी', 'बेबंदशाही' वगैरे तयार शब्दही इथे लागू पडत नाहीत, ते सगळे अंदाधुंदीचे शब्द आहेत आणि इथे त्रास अंदाधुंदीचा नाहीच, त्रास शिस्तीचा आहे. (ती कादंबरी रशियात छापून यायला १९८८ उजाडलं, ही शिस्त अशी.)

आता शब्दाची फोड. युटोपिया म्हणजे कल्पनेतला आदर्श देश, हा थॉमस मोर या इंग्रज लेखकाने १५१६ मध्ये पाडलेला शब्द, ग्रीकमध्ये 'ऊ' म्हणजे नाही आणि 'टोपोस' म्हणजे जागा, जी जागा नाहीच ती. त्यात त्याने एक खोडी केलीय, 'एउ' म्हणजे चांगलं, तोही उच्चार जवळचाच, त्यामुळे चांगली जागा आणि नसलेली जागा असे दोन्ही अर्थ त्यात बसतात. नंतर कोणीतरी सुरुवातीचं अक्षर बदलून 'डिस' लावलं. आणि गंमत बघा, ग्रीक 'डुस' आणि आपलं संस्कृत 'दुस्/दुर्' हे सख्खे भाऊ आहेत, तसंच 'एउ' आणि 'सु'. म्हणजे दुर्जन, दुर्गंध, दुष्काळ यातला 'दु' तोच डिस्टोपियातला 'डि'. दुष्काळ म्हणजे वाईट काळ, तर डिस्टोपिया म्हणजे वाईट स्थळ, सरळ 'दुःस्थळ' करता येईल. 'दुःस्थान' जास्त गोड वाटतं पण ते ज्योतिषवाल्यांनी आधीच घेऊन ठेवलंय, कुंडलीतलं सहावं, आठवं आणि बारावं घर, त्यामुळे लेखाचं नाव 'दुःस्थानकथा' ठेवलंत तर भलतेच वाचक येतील.

या शब्दाचा गाजलेला जुना वापर जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा. १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडवर बोलताना तो सरकारला टोमणा मारतो, की यांना युटोपियन म्हणणं म्हणजे कौतुकच झालं, यांना डिस-टोपियन म्हणा, कारण युटोपिया हा अंमलात यायला फार चांगला असतो आणि यांचं जे चाललंय ते अंमलात यायला फार वाईट आहे. म्हणजे त्याचा हिशोब असा होता की इतकं वाईट काही कोणी चालवूच शकणार नाही. पुढच्या शतकाने हा हिशोब पार खोटा पाडला, आणि ज्याला आज आपण डिस्टोपियन साहित्य म्हणतो त्याचा जोर तिथूनच आला.

टोटॅलिटेरियनचं बघू. आपल्याकडे '-शाही' लावून शब्द पाडायची सोय आहे, हुकूमशाही, दडपशाही, झुंडशाही, आणि माझा लाडका झोटिंगशाही, ज्यात झोटिंग हे चक्क भूत आहे. पण हे सगळे शब्द सत्ता कोण चालवतो किंवा कशी चालवतो एवढंच सांगतात. कुठवर पोचते ते सांगत नाहीत. साध्या हुकूमशहाला तुम्ही गप्प बसलात की पुरतं. टोटॅलिटेरियन सत्तेला गप्प बसलेला माणूसही संशयास्पद वाटतो, तुम्ही टाळ्या वाजवल्या पाहिजेत, त्याही मनापासून, आणि घरी बायकोशी काय बोलता तेही त्या सत्तेला कळायला हवं असतं. मूळ शब्द इटालियन, १९२३ मध्ये जोव्हानी आमेन्डोला या पत्रकार-राजकारण्याने मुसोलिनीच्या कारभारावर टीका म्हणून वापरला, आणि मुसोलिनीने तोच उचलून बिरुदासारखा मिरवला. आमेन्डोलाला मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी मारहाण केली आणि त्यातून तो सावरलाच नाही, १९२६ मध्ये गेला. शिवी म्हणून दिलेला शब्द समोरच्याने पदवी म्हणून लावून घेतला, याहून वाईट काय व्हायचं शब्दाचं.

मराठीत यासाठी 'सर्वंकष' चालतो आणि तो बेस्ट आहे. आपण 'सर्वंकष विचार', 'सर्वंकष आढावा' असं चांगल्या अर्थाने सर्रास वापरतो, म्हणून 'सर्वंकष सत्ता' ऐकून कोणी दचकत नाही. पण त्यातला 'कष' म्हणजे घासणं, खरवडणं, 'निकष' मधलाच तो, सोनं घासून बघायचा दगड. सर्वंकष म्हणजे सगळं घासून काढणारं. आता परत म्हणून बघा, सर्वंकष सत्ता.

टेक्नॉलॉजीच्या बाजूला मराठीत दोन शब्द आयते पडलेत. एक 'पाळत'. 'पाळणं' आणि 'पाळत' एकाच घरातले: नियम आपण पाळतो, जनावर आपण पाळतो आणि पाळत आपल्यावर ठेवली जाते. 'सर्व्हेलन्स'मध्ये हे काहीच ऐकू येत नाही. दुसरा 'परस्पर'. संस्कृतात एकमेकांना, पण बोलताना 'त्याने परस्पर विकून टाकलं' म्हणजे मला न विचारता. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली, कारण ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, आणि पुस्तकं कुठली तर जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची, त्यात '१९८४' ही त्याची गाजलेली डिस्टोपियन कादंबरी पण. त्या कादंबरीत सत्तेला नको असलेले कागद नाहीसे करायला भिंतीत भोकं असतात! पैसे परत मिळाले, माफीही मागितली गेली, हेतू काही वाईट नव्हता हे मान्य, पण हात तुमच्या कपाटापर्यंत पोचतो हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

त्याच कादंबरीत सत्ता भाषा छाटत बसते, शब्द कमी केले की विचारच करता येणार नाही असा हिशोब. 'वाईट' हा शब्द रद्द, 'अचांगलं' म्हणा. आणि 'मुक्त' राहतो पण फक्त 'शेत तणापासून मुक्त आहे' अशा अर्थाने. हे वाचल्यापासून मला आपले तणमुक्त, कर्जमुक्त, तणावमुक्त बघितले की जरा चुटपुट लागते, शब्द शेपटीला बांधला गेलाय.

आता माझा खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. 'यातलं किती खरं ठरलं?' असं लोक हमखास विचारतात, म्हणजे भाकीत समजून मार्क द्यायला बसतात. शाळेतलं व्याकरण आठवा, क्रियापदाचे अर्थ चार: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. डिस्टोपियन गोष्ट सांगितलेली असते स्वार्थात, तो उठला, तो गेला, कॅमेऱ्याने बघितलं. त्यातली सरकारं बोलतात फक्त आज्ञार्थात, उठा, हसा, नाव सांगा. आणि पूर्ण पुस्तकाचा अर्थ मात्र संकेतार्थी असतो, असंच चालू दिलं तर असं होईल. संकेत म्हणजे खूण, आणि इशारा या अरबी शब्दाचा मूळ अर्थही खूणच. म्हणून लेखात 'भाकीत' कुठे लिहिलं असेल तर काढा आणि 'इशारा' घाला. इशारा ऐकून लोक वेळेत बाजूला झाले तर तो चुकला असं कोणी म्हणत नाही.

मग शब्द कोणता घ्यायचा? मी 'दुर्नगरी' घेईन. युटोपियाला 'गंधर्वनगरी' जवळचा आहे, आकाशात दिसणारं पण नसलेलं शहर, त्याच्या शेजारी दुर्नगरी शोभून दिसते आणि 'दुर्नगरीकथा' जीभ न अडखळता म्हणता येतं. दुःस्थळ बरोबर आहे पण विसर्ग लिहिताना निम्मे लोक चुकणार. विशेषणाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, 'दुर्नगरी वातावरण' कानाला अजिबात बरं लागत नाही, तिथे बिनधास्त 'डिस्टोपियन' लिहा. आणि लिंग विचाराल तर तो डिस्टोपिया, ती दुर्नगरी.