पुण्याहून रोड बाईकवर एका दिवसात पवना जलाशय, लेणी आणि किल्ले बघायचे असतील तर कोणता मार्ग घ्यावा?

तुम्ही विचारलंय की पंचवीस मिलिमीटरच्या टायरची रोड बाईक आहे, ऐंशी किलोमीटर जमतात, तर तलावाला प्रदक्षिणा घालून बेडशाची लेणी आणि तिकोना, लोहगड हे किल्ले एका दिवसात होतील का. नाही होणार. एक लेणं नीट बघा, पाण्याच्या कडेने निवांत जा, किल्ले खालून बघा. फारच हौस असेल तर एक तिकोना चढा. प्रदक्षिणेचा नाद रोड बाईकवर सोडलेला बरा. तुंग किल्ल्याच्या अंगाने रस्ते आहेत, पण ते सारखे पाण्यापासून लांब जातात, आणि दर पावसाळ्यानंतर त्यांची काय अवस्था असेल ते तिथे जाऊनच कळतं.

माझ्या मते चांगला मार्ग असा: जुन्या मुंबई-पुणे हायवेने कामशेत, तिथून बेडसे, पवनानगर, तिकोना पेठ, जवण, हाडशी, कोळवण, पौड आणि चांदणी चौक. शिवाजीनगरहून कामशेत साधारण ४५ किमी, पुढे चांदणी चौकापर्यंत आणखी सुमारे ७०. म्हणजे एकूण ११५ च्या आसपास होतात, आणि तुमचा अंदाज ८०चा आहे. तेव्हा पहिल्या वेळी सायकल गाडीत टाकून कामशेतला न्या आणि तिकोना पेठेपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. ४५-५० किमी होतात आणि सगळ्यात देखणा भाग त्यातच येतो. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे. मॅपवर 'कार' निवडलेलं असेल तर तो हमखास तिकडेच नेतो, तेवढं बघून घ्या.

जुना हायवे देहूरोड, सोमाटणे फाटा, वडगाव मावळ असा जातो. चढ सौम्य आहे, त्रास ट्रकांचा. सहाच्या आत निगडी ओलांडली तर निम्मा त्रास वाचतो. वडगावात थांबायला कारण आहे: जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला इथेच कोंडीत पकडलं आणि १६ जानेवारीला तहावर सह्या करायला लावल्या. महादजी शिंद्यांचं स्मारक गावात आहे. दहा मिनिटं पुरतात.

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की बेडशाचा फाटा उजवीकडे येतो. लेणं पूर्वाभिमुख आहे, म्हणून ते सकाळीच बघायचं. दुपारी गेलात तर तोच दगड निस्तेज दिसतो. पायथ्यापासून चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर एका अरुंद दगडी बोळातून आत शिरलं की एकदम समोर उंच अष्टकोनी खांब उभे राहतात. मान वर करून खांबांचे माथे बघा: घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचं हे दान, एवढाच मजकूर. दोन हजार वर्षांपूर्वीचा नाशिककर देणगीदार! शेजारचा विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं लेणं, चुकवू नका. विहार सहसा चौकोनी असतात, हा मागच्या बाजूला चैत्यासारखा (प्रार्थनेच्या लेण्यासारखा) गोलाकार आहे आणि छत कमानदार. असं फार ठिकाणी बघायला मिळत नाही.

इथे बुटांचा प्रश्न येतो. तीन बोल्टांच्या रोड क्लीटवर (पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची पट्टी) दगडी पायऱ्या चढू नका. क्लीट झिजते आणि पाय घसरतो तो वेगळाच. दोन बोल्टांची, तळव्यात आत बसलेली क्लीट असेल तर चालतं, नाहीतर पाठीला पातळ चपला बांधून न्या. सायकल खाली गावात एखाद्या घरी विचारून, कुलूप लावून ठेवा, आणि मीटर व दिवे काढून खिशात घाला.

पवनानगरला पोटभर खा, बाटल्या भरा. पुढे तिकोना पेठेत चहा-पोहे मिळतील, पण त्यावर विसंबून राहू नका. थंडीत तासाला अर्धा लिटर पाणी पुरतं, मार्चनंतर पाऊण लिटरही कमी पडतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत मीठ-साखर-लिंबू. हा भरणा इथे केला नाही तर जवण-हाडशीच्या चढावर पायात गोळे येतात.

पवनानगर ते तिकोना पेठ हा खरा तळ्याकाठचा रस्ता, जेमतेम सात-आठ किलोमीटर. मागे लोहगड-विसापूर, समोर तिकोना, पाण्यापलीकडे तुंगचं टोक. हे चारही किल्ले १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत होते. काठावर बराच भाग तंबूवाल्यांनी अडवलेला आहे, तेव्हा दिसलं पाणी की उतरलो खाली असं होत नाही. आणि पोहायला तर अजिबात उतरू नका. काठ एकदम खोल होतो, तळाला गाळ आहे. पाणी बघायचं तर सप्टेंबर ते डिसेंबर. मे महिन्यात काठ लांब सरकतो आणि भेगाळलेला चिखल दिसतो.

तिकोना चढायचा असेल तर पेठेतून वर-खाली धरून तीन तास बाजूला काढा. शेवटच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, आणि सायकलने दमलेल्या मांड्यांना त्या उतरताना जास्त लागतात.

जवणपासून हाडशीकडे जाताना खिंडीचा चढ लागतो. लांब नाही, पण मध्ये मध्ये उभा आहे. पुढे ३४ दातांचं चाक आणि मागच्या कॅसेटमध्ये (मागच्या दात्यांच्या चकत्यांत) सगळ्यात मोठी चकती निदान ३२ दातांची असावी. मागे २५ दातांवरच अडून बसलात तर उभं राहून मारावं लागतं, आणि वाटेत वाळू असेल तर मागचं चाक फिरतं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही, आणि सतत दाबून न धरता सोडून-धरून. कडेला शेण, खडी, भाताच्या खाचरातून ट्रॅक्टरने आणलेला चिखल, काहीही असू शकतं. गावातले स्पीडब्रेकर बिनरंगाचे असतात. घर किंवा शाळा दिसली की आहेच असं धरून चाला.

टायर पंचवीसऐवजी अठ्ठावीसचे घाला, फ्रेममध्ये बसत असतील तर. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या अठ्ठावीसमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरे. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात की ट्यूब रिमवर चिरडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर ते बहुतेक बाभळीच्या काट्याचं. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो न काढता ट्यूब बदलली तर पाच मिनिटांत दुसरीही जाते, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. दोन ट्यूब, ठिगळं, दोन लिव्हर आणि पंप. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, निघायच्या आधी दाबून बघा.

पावसाळ्यात जायचंच असेल तर शनिवार-रविवार सोडून जा. गर्दी हे एक कारण. शिवाय भिजलेली बारीक खडी रिमब्रेकचे (चाकाच्या कडेला घासणाऱ्या ब्रेकचे) पॅड एका दिवसात निम्मे खाते, तेव्हा पॅडवरच्या खाचा दिसत नसतील तर निघण्याआधी बदला. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे कामशेतहून जाताना तो तोंडावर आणि पौडहून येताना पाठीवर मिळतो. मार्ग याच दिशेने सांगण्याचं तेही एक कारण आहे.

शेवटचा पौड, पिरंगुट, भूगाव हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. रविवारी दुपारी मुळशीहून परतणाऱ्या गाड्या आणि एरवी डंपर. पौड बाराच्या आत गाठायचं. उशीर झाला तर कोळवणमध्येच ठरवून टाका आणि टेम्पो बघा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.