आधी बिघाड शोधा, मग गोंद उघडा : जुन्या स्पीकरबद्दल तुमचे प्रश्न

जुने स्पीकर घरी दुरुस्त करण्याबद्दल बरेच प्रश्न साठलेत, त्यातले सहा आज घेतो. निम्म्या लोकांनी पहिलंच विचारलंय की गोंद कुठला वापरू. गोंदाचं सांगतोच, पण नक्की काय बिघडलंय ते कळल्याशिवाय बाटली उघडू नका, कारण जुने ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यातला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, वयानं कमी आणि घाईच्या दुरुस्तीनं जास्त मेलेले मी बघितलेत.

प्रश्न : वडिलांचे स्पीकर बरीच वर्षं खोक्यात पडून होते. काल बाहेर काढले तर कोनच्या (पुढच्या हलणाऱ्या शंकूच्या) कडेचा फोम हात लावताच भुगा होऊन पडला. आता टाकूनच द्यायचे का?

अजिबात टाकू नका! हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, हवेतल्या ओलाव्यानं तो आतून सडत जातो, स्पीकर रोज वाजवा नाहीतर गुंडाळून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत बहुतेक वेळा जातोच. बाकी कोन, कॉइल (कोनला जोडलेलं तारेचं वेटोळं), मॅग्नेट सगळं धडधाकट असू शकतं. फक्त असा स्पीकर "जरा वाजवून बघू" म्हणून लावू नका. कॉइल मधोमध धरायचं काम दोघं मिळून करतात, आतला स्पायडर (कोनमागची लवचिक चकती) आणि कडेचा हा फोम, त्यातला एक गेला की कॉइल तिरकी होऊन मॅग्नेटच्या फटीत घासते आणि मग साध्या कामाचं मोठं काम होऊन बसतं.

नवी फोम रिंग घेताना "आठ इंची द्या" म्हणून भागत नाही. कोनचा बाहेरचा व्यास, फुगीर भागाचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि फ्रेमवर रिंग बसते तिथलं माप, अशी चार मापं घ्या, शिवाय जुनी रिंग कोनच्या वरून चिकटवली होती की खालून तेही लिहून ठेवा. काही जण फोमच्या जागी रबर लावतात, टिकतं म्हणून. मी नाही लावत. रबर जड असतं, त्याचा ताणही वेगळा, त्यामुळे ड्रायव्हरचा रेझोनन्स, म्हणजे तो ज्या कंपनाला सगळ्यात सहज हलतो ते, बदलतो आणि ज्या खोक्यासाठी तो बनवला होता त्यात बास पूर्वीसारखा राहत नाही.

जुना चिकटा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बोथट काडी घ्या. हेच सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, एक अख्खी संध्याकाळ जाते, पण कोनच्या कडेवर जुन्या गोंदाचे गोळे राहिले तर नवी रिंग कधीच सपाट बसणार नाही. मग रिंग आधी फक्त कोनला चिकटवा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी फ्रेमला. गोंद पांढरा, वाळल्यावर पारदर्शक आणि लवचिक राहणारा हवा, त्याचा फायदा असा की तो लगेच धरत नाही, रिंग सरकवायला दहा-एक मिनिटं मिळतात आणि सगळा खेळ त्या दहा मिनिटांचाच आहे.

फ्रेमला चिकटवताना त्या वेळात काय करायचं तर दोन्ही हातांची बोटं पसरून कोनवर डस्ट कॅपच्या (मधल्या घुमटीसारख्या झाकणाच्या) भोवती ठेवा, दोन-तीन मिलिमीटर हळूच खाली दाबा आणि सोडा, कान अगदी जवळ न्या. काहीच ऐकू आलं नाही तर कॉइल मधोमध आहे. कागदावर नख ओढल्यासारखी बारीक खर्र आली तर रिंग केसभर एका बाजूला सरकवा आणि परत दाबून बघा. खात्री करायला ३० हर्ट्झचा टोन अगदी कमी आवाजात सोडा, घासत असेल तर लगेच कळतं. डस्ट कॅप कापून कॉइलच्या आत फिल्मच्या पट्ट्या खोचायची पद्धत जास्त पक्की आहे, पण मग कॅप परत लावावी लागते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी टोनचीच पद्धत सांगेन. आणि हो, जोडीतल्या एकाचाच फोम गेला असला तरी दोन्हींचा बदला.

प्रश्न : स्पीकरवर ८ ओम लिहिलंय पण मल्टीमीटर ६.२ दाखवतो. कॉइल अर्धी जळली का?

नाही हो, एकदम ठणठणीत आहे. लिहिलेला आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे आवाजाच्या बदलत्या सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याचा, मीटर दाखवतो तो नुसता डीसी रेझिस्टन्स, तो कमीच येतो. ८ ओमच्या ड्रायव्हरला साधारण साडेपाच ते सात, ४ ओमच्या ड्रायव्हरला तीन-साडेतीन. त्याच वेळी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा, प्लसला प्लस लावलं की कोन बाहेर यायला हवा. जेबीएल कंपनीच्या बऱ्याच जुन्या ड्रायव्हरमध्ये उलटा, म्हणजे आत जातो, तो बिघाड नाही, त्यांची पद्धतच तशी होती. ट्वीटरला (उंच, बारीक आवाजाच्या छोट्या ड्रायव्हरला) मात्र सेल लावू नका.

प्रश्न : एका बाजूचा आवाज मधूनच जातो, कोनला बोट लावलं की परत येतो.

टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी ती लोंबती वेणीसारखी वायर बघा, टिन्सल लीड म्हणतात तिला. दोऱ्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, वर्षानुवर्षं हलून ती पट्टी आत तुटते आणि वरून दोरा शाबूत दिसतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. मीटर लावून वायर हळूच हलवा, आकडा नाचला की सापडलं. बदलताना टिन्सलच घाला, घरातली साधी वायर थोड्याच दिवसांत तुटेल. सोल्डरिंग झटपट करा, उष्णता वर चढली तर कोनवरचा गोंद सुटतो. आणि लांबी जुनीएवढीच ठेवा, फार ढिली ठेवली तर कोनवर टपटप आपटत राहते.

प्रश्न : कागदी कोनला दोन इंचांची चीर गेलीये. इन्स्टंट ग्लू चालेल?

नको. तो काचेसारखा कडक होतो आणि चीर त्याच्या शेजारून पुढे जाते. पातळ टिश्यू पेपरचा तुकडा हातानं फाडून घ्या, कापू नका, फाटलेल्या कडेचे तंतू कोनमध्ये छान मिसळतात. पांढऱ्या गोंदात थोडं पाणी घालून ब्रशनं मागच्या बाजूनं लावा. कमीत कमी गोंद, कारण कोनवर वाढलेलं वजन आवाजात ऐकू येतं.

प्रश्न : कॉइल घासते, आत लोखंडाचा कीस दिसतोय. मॅग्नेट उघडून साफ करू का? अल्निकोचा आहे असं वाचलं.

कृपा करून उघडू नका. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू, तो भोवतीच्या लोखंडासकट जोडल्यावर चुंबकित केलेला असतो, ते लोखंड बाजूला केलं की त्याची ताकद उतरते आणि परत जोडून ती येत नाही. सुरुवातीच्या काळात मी असा एक ड्रायव्हर उघडला होता, कीस निघाला, पण आवाज कायमचा दबला, त्याचं वाईट अजून वाटतं. मॅग्नेट जोडलेलाच ठेवून डस्ट कॅप काढा, जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळा आणि कॉइलच्या आतल्या फटीत फिरवून कीस उचला. दर फेरीला नवी पट्टी. कीस कॉइलच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तिथे वरून पोचता येत नाही, कोन आणि स्पायडर सोडवावे लागतात, ते काम अनुभवी माणसाला द्या.

प्रश्न : जुन्या ट्यूब रेडिओच्या स्पीकरला मॅग्नेटच दिसत नाही आणि चार वायर आहेत. हे काय आहे?

फील्ड कॉइल स्पीकर आहे तो, जपा त्याला! चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या धर्तीचा मूव्हिंग कॉइल स्पीकर मांडला तेव्हा पुरेसे जोरदार कायमचे चुंबक स्वस्तात मिळत नव्हते, म्हणून मॅग्नेटच्या जागी विजेवर चालणारी मोठी कॉइल असायची. दोन वायर तिच्या, दोन आवाजाच्या. बहुतेक सेटमध्ये हीच कॉइल पॉवर सप्लायचा चोक (वीज गुळगुळीत करणारी कॉइल) म्हणूनही काम करते, त्यामुळे ती काढून तिथे साधा स्पीकर जोडला तर रेडिओ चालणारच नाही, तिच्या जागी योग्य चोक किंवा रेझिस्टर घालावा लागतो. आणि तिथे दोन-तीनशे व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर भरलेले राहू शकतात, आधी ते रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरनं शून्य आलेलं बघा आणि मगच फील्ड कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. काहीशे ते दोन-अडीच हजार ओमपर्यंत काहीतरी आलं तर कॉइल बहुधा जिवंत आहे, आणि मग कोनकडे वळायला हरकत नाही.